कुत्र्यांना चालेल ती जागा: सँडहिल्सपासून ब्लॅक हिल्सपर्यंत

अमेरिकेच्या नकाशावर हिरवा पट्टा दिसला की आपण त्याला सरसकट ‘पार्क’ म्हणून मोकळे होतो. कुत्री पाळली की त्या हिरव्यातल्या जाती-पोटजाती कळायला लागतात. नॅशनल पार्क एका खात्याचं. नॅशनल फॉरेस्ट आणि नॅशनल ग्रासलँड शेतकी खात्याखालच्या फॉरेस्ट सर्व्हिसचं. पार्कात कुत्र्याला रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंड एवढंच खुलं, पायवाटा बहुतेक ठिकाणी बंद. फॉरेस्ट आणि ग्रासलँडमध्ये मात्र पट्टा हातात असला की बहुतेक वाटा मोकळ्या. त्यामुळे कॅलेंडरावर ज्यांचे फोटो छापतात त्या जागा आम्ही लांबून बघतो आणि ज्यांची नावं ऑफिसात कुणी ऐकलेली नसतात तिथे तंबू ठोकतो. याचं मला आता वाईट वाटेनासं झालंय.

आमच्याकडे दोन आहेत. खंडू हा २०१९ साली पुण्याहून विमानाने आलेला गावठी, आणि टिकली ही नेब्रास्कातल्या ओमाहाच्या शेल्टरमधून आणलेली ब्लू हीलर. हीलर म्हणजे गुरांच्या टाचेला चावून त्यांना हाकणारी जात. हे पुढे कामाला येणार आहे. या वेळी जूनच्या सुरुवातीला निघालो तेव्हा सोबत बाबाही होते. बाबा दहिवडी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. इथे त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून ते गाडी चालवणाऱ्या समीरच्या शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असतात.

शुक्रवार: ओमाहा ते हॅल्सी

ग्रँड आयलंडला मोठा महामार्ग सोडून हायवे २ धरायचा. ब्रोकन बो मागे पडलं की मक्याची शेतं विरळ होत जातात आणि टेकड्या सुरू होतात. दिसायला गवताळ, पण वरचा चारसहा इंचांचा थर खरवडला की खाली निव्वळ वाळू. या सँडहिल्स. जवळपास ५०,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या, पश्चिम गोलार्धातल्या सगळ्यात मोठ्या वाळूच्या टेकड्या. गवताने त्यांना धरून ठेवलंय, आणि पोटात ओगलाला नावाच्या भूजलाच्या अवाढव्य साठ्याचं पाणी आहे, म्हणून दोन टेकड्यांच्या बेचक्यात अधूनमधून तळी चमकतात.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एवढं गवत, आणि मेंढरू एक नाही.”

“गाई आहेत की, बाबा.”

“गाई दिसतायत गं. राखणारा दिसत नाही.”

माण तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. राखणारं म्हणजे काटेरी तार, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. रस्त्याला समांतर रेल्वे आहे. वायोमिंगचा कोळसा घेऊन शंभराच्या वर डब्यांच्या गाड्या पूर्वेला जात असतात. खंडू प्रत्येक गाडीवर शेवटचा डबा जाईपर्यंत भुंकला.

हॅल्सीचं जंगल ही माणसाच्या हट्टाची गोष्ट आहे. चार्ल्स बेसी नावाचे नेब्रास्का विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते की या वाळूत झाडं येतील. १९०२ साली थिओडोर रूझवेल्टने जमीन राखीव केली, त्याच वर्षी रोपवाटिका सुरू झाली, आणि पुढे सुमारे २०,००० एकरांवर पाइन आणि सीडर हातांनी लावले गेले. जंगलात शिरल्यावर झाडं रांगेत उभी दिसतात तेव्हा जरा चमत्कारिक वाटतं. खंडूला मात्र हा प्रकार फार आवडला. एका सरळ रेषेत इतकी खोडं त्याला एरवी कुठे मिळणार? २०२२ च्या ऑक्टोबरातल्या वणव्यात यातला मोठा भाग जळाला, आगीवर नजर ठेवायचा जुना मनोराही गेला. काळी खोडं आणि त्यांच्या बुडाशी हिरवंगार गवत असे पट्टे लागतात. गवताला आगीची सवय आहे. पाइनला बाहेरून आणलंय.

मुक्काम मिडल लूप नदीकाठी. नळाचं पाणी, सावली, म्हणजे पहिल्या रात्रीचे लाड. नदी गुडघाभर, तळ वाळूचा, पाणी झऱ्यांचं असल्याने बारमाही सारखं. गुरांना पाणी पाजायच्या गोल पत्र्याच्या टाक्यांत बसून लोक इथे तरंगत जातात. त्याला ‘टँकिंग’ म्हणतात आणि ते अगदी गंभीरपणे करतात. अशी एक टाकी समोरून गेली. आत आजी-आजोबा आणि एक आइसबॉक्स. टिकलीने काठाकाठाने धावत त्यांना वळवायचा प्रयत्न केला; पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला समीर होता, तोही धावला.

कुत्री घेऊन येणाऱ्यांसाठी एक सूचना. स्क्रूसारखी फिरवून जमिनीत रोवायची खुंटी दुकानात मिळते, ती वाळूत टिकत नाही, एका हिसक्यात बाहेर येते. बाबांनी दोर गाडीच्या मागच्या हुकाला बांधला आणि अशी गाठ मारली की सकाळी सोडायला तेच लागले. लांबी सहा फूट, फॉरेस्ट सर्व्हिसच्या कॅम्पग्राउंडवर नियम तेवढाच आहे.

शनिवार: हॅल्सी ते टोडस्टूल

थेडफर्ड सोडून मलेनकडे जाताना घड्याळ एक तास मागे जातं. कुत्र्यांचं जात नाही. दोघांनी जेवणाच्या वेळेला, जुन्या वेळेप्रमाणे, मागच्या सीटवरून कण्हायला सुरुवात केली.

अलायन्सला स्टोनहेंजच्या शिळांसारख्या मोटारी रोवून बनवलेलं ‘कारहेंज’ आहे, १९८७ सालचं. बघायला दहा मिनिटं पुरतात. लक्षात राहिलं ते गावातलं पेट्रोल भरणं. बाजूच्या मोकळ्या जागेत खंडूला फिरवताना तो तीन पायांवर उभा राहिला. बाबांनी पंजा उलटा केला, काटा काढला, चष्मा लावून पाहिला आणि चकित होऊन म्हणाले, “अगं, हे सराटे! इथं कसे आले?” पायाशी पिवळ्या बारीक फुलांचा वेल पसरलेला होता. जात तीच, आपलं गोखरू. हे जुन्या जगातलं रोप माणसांच्या आणि सामानाच्या मागोमाग इकडे आलं, आणि आता नेब्रास्कात सायकलवाल्यांचा आणि कुत्र्यांचा शत्रू आहे. कुत्र्यांचे बूट आमच्याकडे होते. टिकली बूट घातले की पुतळा होते. त्यामुळे चिमटा हेच खरं औषध.

क्रॉफर्डला पाण्याचे डबे भरून घेतले. पुढे कच्चा रस्ता, फोनला रेंज नाही, आणि टोडस्टूलला पाणी नाही. हिशेब असा: पंचवीस किलोच्या कुत्र्याला साध्या दिवशी दीड लिटर लागतं, उन्हात त्याच्या दुप्पट धरावं. माणसांचं वेगळं.

टोडस्टूल हे ओग्लाला नॅशनल ग्रासलँडमधलं छोटंसं कॅम्पग्राउंड, मोजक्या जागा, खड्ड्याचं शौचालय आणि समोर राखाडी-पांढऱ्या मातीचे सुळके. मऊ माती झिजून जाते, वरचा कठीण वालुकाश्म छत्रीसारखा उरतो, म्हणून नाव भूछत्राचं. दुपारी चारला पोचलो तेव्हा माती तापलेली होती. हाताची उलटी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद ठेवून बघायची. आपल्याला चटका बसला तर त्यांच्या पंजालाही बसणार. गाडीच्या सावलीत ओला टॉवेल टाकून दोघांना झोपवलं आणि सात वाजेपर्यंत थांबलो.

संध्याकाळची मैलभराची फेरी म्हणजे या सहलीचं सार्थक. वाट कोरड्या नाल्यातून जाते आणि शिळांवर सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची पावलं उमटलेली आहेत. गेंड्यांची, डुकरासारख्या अजस्र प्राण्यांची. इथल्या आणि शेजारच्या दक्षिण डकोटातल्या याच थरांमध्ये हेस्पेरोसायनची हाडं सापडतात. कोल्ह्याहून लहान, लांब शेपटीचा प्राणी. श्वानकुळातल्या सगळ्यात जुन्या ज्ञात सदस्यांपैकी एक. हे कूळ उत्तर अमेरिकेतच जन्मलं, कोट्यवधी वर्षं इथेच राहिलं, आणि खूप उशिरा, गेल्या कोटभर वर्षांतच, बेरिंगच्या, तेव्हा दोन खंड जोडणाऱ्या जमिनीवरून आशियात गेलं. लांडगा तिकडे घडला, लांडग्याचं कुत्रं माणसाच्या शेकोटीशी तिकडेच झालं, आणि त्यातलंच एक कोथरूडच्या कचराकुंडीपाशी मला सापडलं. म्हणजे विमानाच्या तिकिटाचे एवढे पैसे भरून आम्ही खंडूला त्याच्या पणज्यांच्या गावी आणलं होतं. त्याला या माहितीचं काही वाटलं नाही. त्याने एका शिळेवर पाय वर केला. पावलांवर नाही, शेजारी.

इथली हाडं उचलणं कायद्याने गुन्हा आहे. कुत्र्याला हे समजावणं अवघड, म्हणून पट्टा आखूड ठेवायचा.

रात्री उत्तरेला विजा चमकायला लागल्या. आवाज नव्हता, इतकं वादळ लांब. समीर आकाशाकडे बघत होता, बाबा रस्त्याकडे. “ही माती भिजली तर आपण इथून निघत नाही,” ते म्हणाले. बरोबर होतं, इथल्या मातीत बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती असते, पाऊस पडला की ती साबणासारखी होते आणि चाकं गच्च भरतात. एसटीच्या दिवसांत काळ्या रानात रुतलेल्या गाड्यांचे किस्से निघाले ते अकरापर्यंत चालले. खंडू त्यांच्या पायाशी थरथरत होता. त्याला ती वादळं आपल्या आधी कळतात. शेवटी वारा फिरला. चार थेंबही पडले नाहीत.

रविवार: सेज क्रीक

सकाळी वाकडी वाट करून फोर्ट रॉबिन्सनला गेलो. इथल्या मूळनिवासी लाकोटांचा पुढारी क्रेझी हॉर्स इथे ५ सप्टेंबर १८७७ ला मारला गेला. त्या जागी बाबा हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात याच छावणीत लष्करी कुत्र्यांचं प्रशिक्षण केंद्र होतं. लोकांनी घरचे पाळीव कुत्रे सैन्याला दिले आणि ते गाडीने इथे आले. घरातलं कुत्रं असं देऊन टाकायचं म्हणजे काय, यावर आमची गाडीत चर्चा झाली, ती फार पुढे गेली नाही. टिकली मध्येच मांडीवर येऊन बसली.

दुपारी बॅडलँड्स नॅशनल पार्कच्या पश्चिम टोकाला सेज क्रीक. पार्क असूनही इथे यायचं कारण म्हणजे कॅम्पग्राउंड फुकट, आधी येईल त्याला जागा, आणि भोवताली मोकळी प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ. पाणी नाही, शेकोटीला बंदी, पण स्टोव्ह चालतो. पिठलं-भात झाला. कुत्र्यांसाठी मात्र हा तुरुंगच आहे: कॅम्पग्राउंडचं वर्तुळ आणि मातीचा रस्ता, त्यापलीकडच्या गवतात पाऊल टाकायचं नाही. कारण पाच वाजता चालत आलं.

बॅडलँड्समध्ये बायसन, म्हणजे अमेरिकेतले गव्यासारखे रानबैल, १९६३ साली परत आणले. एक नर कॅम्पग्राउंडच्या मधोमध आला आणि एका टेबलाला अंग घासायला लागला. हे जनावर नऊशे किलोपर्यंत भरतं आणि ताशी पन्नासच्या वर किलोमीटर पळतं. शंभर फूट अंतर ठेवा म्हणतात, पण ते अंतर बायसनलाही मान्य असावं लागतं. टिकलीच्या अंगातलं हीलर जागं झालं. भुंकली नाही. पोट जमिनीला लावलं, डोळे रोखले आणि एक पंजा उचलून ती थांबली. शेल्टरमधून आलेली, आयुष्यात गाय जवळून न पाहिलेली ही पोरगी! समीरने तिला उचललं आणि गाडीत टाकलं, मागोमाग खंडू स्वतःच चढला. गावठी कुत्र्याला कुठे लढायचं ते कळतं.

त्या रात्री दोघं गाडीत, समीर त्यांच्यासोबत. मी आणि बाबा तंबूत. अंधारात गवत उपटल्याचा आवाज येत होता, बराच जवळून. बाबा हळूच म्हणाले, “म्हशी चरतात तसंच आहे, झोप.” त्यांना लागलीच झोप लागली. मला नाही.

सोमवार: बफेलो गॅप

सकाळी पार्कची हद्द ओलांडली आणि कुत्र्यांना पाय मोकळे मिळाले. बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड जवळपास सहा लाख एकरांचं आहे. ही कुरणं मुळात कुणी जपून ठेवलेली नाहीत. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीने शेतकरी देशोधडीला लागले, सरकारने त्यांच्या पडीक जमिनी विकत घेतल्या, गवत परत लावलं, आणि १९६० साली त्यांना नॅशनल ग्रासलँड हे नाव दिलं. आपण चालतो ते कुणाचं तरी मोडलेलं शेत असतं. कुंपणाचा एखादा कुजका खांब दिसतो, बाकी काही खूण नाही.

प्रेअरी डॉगच्या वसाहतींपासून मात्र कुत्र्यांना लांब ठेवायचं. नाव डॉग असलं तरी तो खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. त्यांच्या पिसवांमधून प्लेग पसरतो. शेजारच्या कोनाटा खोऱ्यात तो २००८ साली पोचला. याच खोऱ्यात काळ्या पायांचे फेरेट आहेत, मुंगसासारखे दिसणारे, प्रेअरी डॉगवर जगणारे. हे फेरेट नामशेष झाले असं धरून चालले होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये मीटीट्सीजवळच्या एका रँचवर शेप नावाच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि शोध लागला की आजूबाजूला ते जिवंत आहेत. चारेक वर्षांत प्लेग आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर या दोन रोगांनी तो कळप जवळजवळ संपवला. उरलेले अठरा पकडून त्यांच्यापासून पैदास केली, आणि त्यांचे वंशज १९९० च्या दशकात इकडे सोडले. कुत्र्याने शोधले, कुत्र्याच्या रोगाने मारले. टिकली आणि खंडूचे लशीचे कागद गाडीत असतात ते रेंजरने विचारावेत म्हणून नाही.

दुपारी टिकली पंजा चाटत बसली. बोटांच्या मध्ये लाल फोड. इथे कुसळांचे दोन प्रकार भेटतात. एक फॉक्सटेल बार्ली, तुऱ्यासारखी, जी नाकाकानात शिरते. दुसरं नीडल-अँड-थ्रेड गवत, ज्याचं बी पीळ घेत जमिनीत घुसतं आणि कातडी मिळाली तर कातडीत. उलटे केस असल्याने ते फक्त पुढेच जातं, मागे येत नाही. उशीर केला तर पंजातून वर सरकतं आणि ऑपरेशन करावं लागतं. बाबांनी कोमट मिठाच्या पाण्यात पाय धरला, फोड दाबला, टोक वर आल्यावर चिमट्याने एका ओढीत काढलं. त्यांच्या लहानपणी पावसाळा संपताना धोतरात अशीच कुसळं भरायची, आणि धनगरांच्या कुत्र्यांचे पंजे रोज रात्री असेच बघितले जायचे. आख्खं काढलंय ना, हे त्यांनी ते बी तळहातावर ठेवून पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक चालण्यानंतर आठही पंजे, चारही कान, काखा आणि जांघा तपासायच्या असा बाबांचा नियम झाला. गोचिड्याही त्यातच सापडतात. जूनमध्ये भरपूर.

मंगळवार: ब्लॅक हिल्स

आदल्या संध्याकाळीच डोंगर चढून ब्लॅक फॉक्सला आलो होतो. रॉचफर्डच्या पश्चिमेला ऱ्होड्स फोर्क नावाच्या ओढ्याकाठचं फॉरेस्ट सर्व्हिसचं लहानसं कॅम्पग्राउंड. खाली प्रेअरीत बनियनवर होतो, इथे बाबांनी पिशवीतून कानटोपी काढून घातली. ओढ्याजवळ स्प्रूसची दाट सावली, वर उतारांवर पॉंडेरोसा पाइन. या पाइनच्या सालीला नाक लावून बघा, व्हॅनिलाचा वास येतो. लांबून झाडी काळी दिसते म्हणून ब्लॅक हिल्स. लाकोटा भाषेत पाहा सापा. १८६८ च्या तहाने ही जमीन त्यांची होती, १८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टरच्या मोहिमेला सोनं दिसलं आणि तह कागदावर राहिला. १९८० साली सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली; लाकोटांनी आजवर ती घेतलेली नाही. जमीन हवी आहे, पैसे नकोत.

“हे आपल्या धरणग्रस्तांना सांग,” बाबा म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, “पण त्यांना घ्यावेच लागतात.”

दिवसभर मिकल्सन ट्रेलवर चाललो. डेडवूड ते एजमाँट १०९ मैलांची जुनी रेल्वेलाइन उखडून केलेली वाट, चढ अगदी मंद, पंज्यांना सोयीची बारीक खडी, जागोजागी लाकडी पूल. पुलाच्या फटींतून खालचं पाणी दिसतं म्हणून खंडू पहिल्या पुलावर बसूनच राहिला. टिकली पलीकडे जाऊन परत आली, त्याच्या मागे गेली आणि त्याच्या टाचेला हलकेच चावली. तो उठला, चालू लागला. तेवढं एकच जनावर तिला या सहलीत हाकायला मिळालं.

बुधवार: घरी

आठ तासांचा सरळ रस्ता. चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली आणि मी बाबांना लुईस आणि क्लार्क या शोधमोहिमेवरच्या जोडीची गोष्ट सांगितली: १८०४ साली ते याच नदीने वर आले, सोबत सीमन नावाचा न्यूफाउंडलंड कुत्रा होता, आणि सप्टेंबरात त्यांनी एका प्रेअरी डॉगला जिवंत पकडण्यासाठी त्याच्या बिळात पिंपं भरभरून पाणी ओतलं.

“किती मिळाले?”

“एक.”

“एका घुशीसाठी एवढं पाणी,” बाबा म्हणाले. “दुष्काळ बघितला नव्हता त्यांनी.”

सू सिटीला पेट्रोल भरताना टिकलीच्या कानामागे आणखी एक गोचीड निघाली.